भूतानने चीनशी बोलू नये, हे सांगणारे आपण कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भूतान आणि चीनच्या सीमेच्या बोलण्यांची बातमी आली की आपल्याकडे चॅनेलवर, व्हॉट्सॲपवर आणि खरं सांगायचं तर तुमच्या पेपरातसुद्धा एकच सूर लागतो, की बघा, आपण एवढं केलं यांच्यासाठी आणि आता हे चालले चीनकडे. हे वाचून वाचून आता राहवत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण डोकलाम (भारत, चीन आणि भूतान मिळतात तिथलं वादातलं पठार) आणि गॅस सिलिंडरचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी दादरला छोटा टूरचा व्यवसाय करतो, बरीच वर्षं भूतानला ग्रुप घेऊन जातो. त्यामुळे हा देश मला पुस्तकातनं नाही, तर परमिटच्या रांगेतनं, हॉटेलवाल्यांच्या फोनमधनं आणि आपल्याच माणसांच्या तक्रारींमधनं माहीत झालाय. आणि तक्रार कायम एकच, बाराशे रुपयांची. सप्टेंबर २०२२ मध्ये कोविडनंतर बॉर्डर उघडली तेव्हापासून भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क द्यावं लागतं, त्याआधी आपल्याला काहीच नव्हतं. म्हणजे चार जणांच्या कुटुंबाला पाच रात्रींचे २४ हजार हॉटेल-जेवण सोडून, हे मध्यमवर्गीय माणसाला जड जातं हे मला मान्य आहे, माझं बुकिंगही त्यामुळे कमी झालं. पण बसमध्ये जे बोललं जातं ते पैशाचं नसतं. गेल्या सीझनला एक काका, स्वभावाने चांगले, बँकेतून रिटायर झालेले, सीमेवरच्या फुन्शोलिंग या भूतानी गावात परमिट ऑफिसबाहेर सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, आपल्या पैशावर जगतात आणि वर आपल्याकडनंच पैसे घेतात, मोदींनी एक दिवस रस्ता बंद केला ना तर हे उपाशी मरतील." आमचा भूतानी गाईड दोन पावलांवर उभा होता. त्याला मराठी येत नाही पण 'पैसा', 'मोदी', 'बंद' हे शब्द कळायला मराठी यावं लागत नाही. तो काही बोलला नाही, काकांची बॅग उचलून गाडीत ठेवली त्याने.

मला त्या दिवशी वाईट वाटलं आणि आजही वाटतं, कारण काकांनी जे गमतीत म्हटलं ते भूतानच्या लोकांनी थोडंफार भोगलेलं आहे. जुलै २०१३, भूतानमध्ये निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे राहिलेले, आणि भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यावरची सबसिडी थांबवली. सिलिंडरचा भाव एका झटक्यात दुपटीच्या वर गेला. आपल्या सरकारी बाजूने सांगितलं गेलं की जुन्या योजनेची मुदत संपली, कागदोपत्री प्रकरण आहे. पण तिथे शेंबड्या पोरालाही माहीत होतं की आदल्या वर्षी जून २०१२ मध्ये रिओच्या परिषदेत त्यांचे पंतप्रधान जिग्मे थिनले चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना भेटले होते आणि ते दिल्लीला आवडलं नव्हतं. थिनलेंचा पक्ष ती निवडणूक हरला, विरोधी पक्षाचे त्सेरिंग तोबगे पंतप्रधान झाले, आणि सबसिडी परत सुरू झाली. आता हरण्याची कारणं आणखीही असतील, रुपयाचा तुटवडा होता, लोक नाराज होते, मी काही निवडणुकीचा तज्ज्ञ नाही. पण त्या गाईडला मी एकदा राजधानी थिम्फूला चहा पिताना हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, माँ उस टाइम लकड़ी पे खाना बनाती थी फिर से," एवढंच, आणि विषय बदलला. त्याने भारताला एक शब्द वाईट म्हटलं नाही. पण विसरलाय असंही मला वाटलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं भूतान म्हणजे आपल्याच एखाद्या राज्यासारखं काहीतरी, फक्त राजा आहे आणि नोट वेगळी आहे. ह्या समजामागे इतिहास आहे, तो नीट सांगितला पाहिजे. १९१० मध्ये ब्रिटिशांनी पुनाखाचा तह केला, त्यात भूतानच्या परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिशांचा सल्ला चालेल असं ठरलं. आपण स्वतंत्र झाल्यावर ८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगला भारत-भूतान करार झाला आणि त्याच्या दुसऱ्या कलमात जवळपास तेच राहिलं, भारत त्यांच्या अंतर्गत कारभारात लक्ष घालणार नाही आणि भूतान परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालेल. हेच कलम लोकांच्या डोक्यात अजून बसलंय. पण फेब्रुवारी २००७ मध्ये दिल्लीत नवा करार झाला, आपल्या बाजूने प्रणव मुखर्जींनी सही केली, त्यांच्या बाजूने जिग्मे खेसर नामग्याल वांगचुक म्हणजे आत्ताच्या राजांनी, आणि ते सल्ल्याचं वाक्य काढून टाकलं. त्या जागी काय आलं, तर दोन्ही देश आपापल्या राष्ट्रहिताच्या बाबतीत जवळून सहकार्य करतील आणि कोणीही आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही. सही आपली आहे. आपणच कबूल केलंय की भूतान स्वतःचं परराष्ट्र धोरण स्वतः ठरवेल. मग त्याच्या पंतप्रधानाने कोणाशी हात मिळवला की आपल्या स्टुडिओत आग का लागते?

आणि ही उदार बुद्धी काही २००७ ला अचानक सुचलेली नाही. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा भारतातून भूतानमध्ये गाडीरस्ता नव्हता, सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातनं घोड्यावर, याकवर, पायी असा प्रवास करत, वय ६८. पारोला त्यांनी लोकांसमोर सांगितलं की भारत मोठा आणि भूतान छोटा म्हणून कोणाला वाटेल आम्ही दबाव आणू, पण आमची इच्छा एवढीच की तुम्ही स्वतंत्र देश म्हणून राहावं आणि आपल्या मर्जीने आपला मार्ग निवडावा. नेहरूंवर कोणाचा राग असेल तर असू दे, पण हे भाषण दिल्लीने दिलेला शब्द आहे आणि तो शब्द तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त आठवतो.

भूतानने तो मार्ग निवडला पण किती जपून! १९७१ मध्ये भारताच्या पाठिंब्याने युनोत गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बांगलादेशाला मान्यता दिली, आपण दिली त्याच दिवशी, युद्ध अजून चालू होतं. आजही सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी, म्हणजे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स, एकाशीही त्यांचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. थिम्फूमध्ये भारताची एम्बसी आहे, बांगलादेशाची आहे, पण या पाचांपैकी एकाचीही नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. एका मोठ्याला दार उघडलं की बाकीचे मोठे आत येणार, मग थिम्फूमध्ये दूतावासांची चढाओढ सुरू होणार, हे त्यांनी ओळखलं. आणि तरी प्रत्येक वेळी आपलीच री ओढली असंही नाही, अण्वस्त्रप्रसारबंदी करार आपण आजपर्यंत सही केलेला नाही, भूतानने १९८५ मध्ये केला. आकाश कोसळलं नाही.

या धोरणाचा मला सगळ्यात जवळून दिसलेला नमुना लसीचा. २० जानेवारी २०२१ ला आपल्या मुंबई एअरपोर्टवरून कोव्हिशील्डचे दीड लाख डोस भूतानला गेले, भारताने शेजाऱ्यांना लस पाठवायला सुरुवात केली ती त्या दिवशी भूतान आणि मालदीवपासून. लस पुण्याची, विमान मुंबईहून, मला तेव्हा खरंच अभिमान वाटला होता, ऑफिस बंद, धंदा शून्य, पण तो फोटो मी सगळ्या ग्रुपवर टाकला होता. मार्चमध्ये आणखी चार लाख गेले. भूतानने घाई केली नाही, सगळ्यांना पुरेल एवढा साठा येऊ दिला आणि २७ मार्चपासून दोन आठवड्यांत जवळपास सगळ्या प्रौढांना पहिला डोस देऊन टाकला. मग एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली, आपल्याच लोकांना लस मिळेना, निर्यात थांबली, ते समजण्यासारखं होतं. आता दुसरा डोस आणायचा कुठून? तर जुलैमध्ये अमेरिकेकडून मॉडर्नाचे पाच लाख डोस आले, डेन्मार्कने अडीच लाख अॅस्ट्राझेनेका दिले, आणखीही देशांनी दिले. ज्या अमेरिकेशी औपचारिक संबंधच नाहीत तिच्याकडून! छोट्या देशाला एकापेक्षा जास्त दारं का ठेवावी लागतात ते यातनं कळतं, आपली नियत चांगली असूनही एक दिवस आपल्याकडेच माल संपू शकतो. त्या वेळी कोणी म्हटलं नाही की भूतान अमेरिकेच्या गोटात गेला, मग हाच न्याय बाकी वेळेला का नाही?

बरं, चीनशी बोलणी. हे काही गुपचूप नवीन सुरू झालेलं प्रकरण नाही. १९८४ पासून भूतान चीनशी थेट बोलतोय, त्याआधी तो विषय आपणच आपल्या बोलण्यात घ्यायचो. १९९८ मध्ये दोघांनी सीमेवर शांतता राखण्याचा करार केला. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, २०१६ पर्यंत चोवीस, मग डोकलाम, मग कोविड, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री तांडी दोर्जी बीजिंगला गेले आणि पंचविसावी फेरी झाली. गावाकडे जमीन असलेल्या प्रत्येकाला हे कळेल, ज्याच्याशी बांध लागतो त्याच्याशीच मोजणी करावी लागते, तो कितीही आडमुठा असला तरी त्याला बोलवावंच लागतं, आणि मोजणी झाली नाही तर बांध रोज थोडाथोडा कोरला जातो. चीन नेमकं तेच करतोय. उत्तरेला बेयुलच्या भागात, भूतान जी जमीन आपली म्हणतो तिथे चीनने गावं वसवली, रस्ते केले, हे उपग्रहाच्या फोटोंतनं जगाने पाहिलं. २०२० मध्ये तर पूर्वेकडच्या साकतेंग अभयारण्यावरच हक्क सांगितला, जो भाग आधी बोलण्यांच्या यादीत नव्हताच. अशा शेजाऱ्याशी न बोलता बसणं हा पर्याय भूतानकडे नाही. सैन्य काही हजारांचं, लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईतल्या एखाद्या मोठ्या वॉर्डाएवढी.

आणि इथेच डोकलामची गोष्ट लोकांना नीट सांगितली जात नाही. चीनने १९९० च्या दशकात भूतानसमोर सौदा ठेवला होता, उत्तरेकडची पासामलुंग आणि जाकारलुंग ही खोरी, मिळून ४९५ चौरस किलोमीटर, तुम्ही ठेवा, आणि पश्चिमेकडचा २६९ चौरस किलोमीटरचा पट्टा, ज्यात डोकलाम येतं, तो आम्हाला द्या. साधा हिशोब केला तर छोट्या देशाला फायद्याचा सौदा, जमीन जवळजवळ दुप्पट आणि कटकट संपली. भूतानने तो घेतला नाही. आणि त्यात आपली अडचण हे मोठं कारण होतं असं या विषयातले बहुतेक जाणकार मानतात, कारण डोकलामच्या दक्षिणेची धार चीनच्या हातात गेली तर खाली सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा, सगळ्यात अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटरचा, ज्यावरनं अख्ख्या ईशान्य भारताचा रस्ता आणि रेल्वे जाते, त्यावर त्यांची नजर येते. म्हणजे तीस वर्षं हा देश आपल्या सुरक्षेपायी आपल्या बॉर्डरचा प्रश्न लोंबकळत ठेवून बसलाय आणि त्याची किंमत उत्तरेतल्या कुरणांमध्ये मोजतोय, जिथे त्यांचे गुराखी याक घेऊन जायचे. आणि आपण म्हणतो उपकार आपले!

जून २०१७ मध्ये चीनने डोकलाममध्ये रस्ता पुढे न्यायला सुरुवात केली, आपले जवान डोका ला खिंडीवरनं खाली उतरले, ७३ दिवस समोरासमोर उभे राहिले, २८ ऑगस्टला माघार ठरली. जवानांनी जे केलं त्याबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि ते योग्यच होतं असं माझं मत आहे. पण त्या ७३ दिवसांत आपल्या टीव्हीवर भूतान कुठे होता? जमीन त्यांची आणि चर्चा दिल्ली-बीजिंगची. त्यांनी २९ जूनला एक निवेदन काढलं, की चीनचं हे बांधकाम १९८८ आणि १९९८ च्या समजुतींचा भंग आहे, जागा १६ जूनच्या आधी होती तशी करा, आणि त्यानंतर जवळपास शांत बसले. आपल्याकडे त्या शांततेचाही अर्थ काढला गेला, की घाबरले, की मिठाची जाण नाही. अहो, दोन अणुबॉम्बवाले देश तुमच्या अंगणात छाती पुढे काढून उभे असताना तिसऱ्याने ओरडायचं असतं की आवाज खाली ठेवायचा असतं? त्यांच्या गप्प राहण्याने दोन्ही बाजूंना मागे सरकायला जागा राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक ग्रुपला सांगतो आणि दर वेळी लोक चकित होतात. थिम्फूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंड लागते, तिथे टेकाडावर १०८ छोटे स्तूप आहेत, मागे हिमालयाची रांग, सगळे तिथे फोटो काढतात, साडीतला फोटो, जॅकेटमधला फोटो, ग्रुप फोटो. ते स्तूप कशाचे आहेत? डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने स्वतःच्या दक्षिण जंगलात लपलेल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या संघटनांच्या तळांवर कारवाई केली, जवळपास तीस तळ उद्ध्वस्त केले, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मैदानात होते. त्या कारवाईत जे सैनिक गेले त्यांच्या स्मरणार्थ ते स्तूप आहेत. या संघटना आसाम आणि उत्तर बंगालात बॉम्ब फोडत होत्या, आपली माणसं मारत होत्या. भूतानने आधी बरीच वर्षं त्यांना समजावून निघून जायला सांगितलं, जमलं नाही तेव्हा एवढ्याशा सैन्यानिशी उतरले, आणि त्या संघटना नंतर त्यांच्या दक्षिणेतल्या गावांवर सूड उगवतील हे माहीत असून उतरले. मराठी माणूस शिवरायांच्या किल्ल्यावर गेला की पायातली चप्पल काढतो, मग दोचुलाला आपण फक्त सेल्फी काढून खाली येतो याचं मला फार वाईट वाटतं. चूक लोकांची नाही, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

'आपल्या पैशावर जगतात' याचाही हिशोब मांडतो. हो, भारत मदत देतो, भरपूर देतो, त्यांच्या २०२४ ते २९ च्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी जाहीर केलेत, आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या मदतीत भूतानचा वाटा वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा असतो. पण बदल्यात काय मिळतं तेही बघा. त्यांच्या नद्यांवर आपण धरणं-बोगदे बांधले, चुखा ३३६ मेगावॉट, ताला १०२०, मांगदेछू ७२०, आणि जादा वीज आपल्याकडे येते. चुखाला साठ टक्के अनुदान होतं, चाळीस टक्के कर्ज. पुढे पुढे हे उलटं झालं, मांगदेछूला तीस टक्के अनुदान आणि सत्तर टक्के कर्ज, तेही दहा टक्के व्याजाने. पुनात्सांगछू-१ चं काम २००८ ला सुरू झालं, उजव्या काठचा डोंगर सरकला, खर्च कुठल्या कुठे गेला आणि प्रकल्प अजून पूर्ण व्हायचाय. भूतानच्या परदेशी कर्जाचा मोठा भाग हे विजेचंच कर्ज आहे आणि ते मुख्यतः भारताचं आहे. मी म्हणत नाही की आपण फसवलं, या प्रकल्पांवरच तो देश उभा राहिला हे तेही मानतात. पण हा व्यवहार आहे, दोघांच्या फायद्याचा, याला दानधर्म म्हणू नका. आपल्या मुंबईची टाटा पॉवर तिथे दगाछूच्या १२६ मेगावॉटच्या प्रकल्पात भागीदार आहे आणि आता ५००० मेगावॉटचं बोलणं झालंय, कंपनी काही पुण्य मिळवायला जात नाही ना तिथे?

भूतान म्हणजे स्वर्ग असंही माझं म्हणणं नाही. १९९० च्या सुमारास तिथल्या नेपाळी भाषिक लोकांना, एक लाखावर माणसांना, देश सोडावा लागला, वर्षानुवर्षं ती पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिली, पुढे २००७ नंतर बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी घेतलं. तो डाग आहेच. आपणही तेव्हा गप्प राहिलो.

दबावाचा उपयोग होतो का, हे बाकी शेजाऱ्यांकडे बघून तपासा. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवर ट्रक अडकले, नाकाबंदी आम्ही केलेली नाही असं दिल्ली सांगत राहिली, पण काठमांडूत पेट्रोल आणि औषधं मिळेनात, आणि २०१६ च्या मार्चमध्ये नेपाळने चीनशी ट्रान्झिटचा, म्हणजे त्यांच्या बंदरांतनं माल आणण्याचा, करार केला. मालदीवचं तर माझ्या ऑफिसात बसून पाहिलं, जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या काही उपमंत्र्यांनी पंतप्रधानांबद्दल वाईटसाईट लिहिलं, ते चूकच होतं, पण मग बॉयकॉटची लाट आली, हनिमूनची पॅकेजं धडाधड कॅन्सल, एका मुलाने तर लग्नाच्या आधी आठवडाभर फोन करून सांगितलं की मित्र काय म्हणतील म्हणून जात नाही. २०२३ ला मालदीवमध्ये सगळ्यात जास्त पर्यटक आपले होते, पुढच्या वर्षी ती जागा चीनने घेतली. शेवटी काय झालं, मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू स्वतः ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत आले, मुंबईलाही येऊन गेले, भारताने त्यांना ४० कोटी डॉलर आणि ३००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय दिली, आणि जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान मालेला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे होते. दोन्ही सरकारांनी शहाणपणा दाखवला, चांगलं झालं. पण ज्या पोराचं पॅकेज गेलं त्याचे कॅन्सलेशनचे पैसे परत आले नाहीत आणि लोकांच्या मनात जे विष गेलं तेही निघालेलं नाही, अजून कोणी मालदीव विचारलं की आधी इकडेतिकडे बघून विचारतो.

बाराशे रुपयांवर परत येतो कारण मला त्याचं उत्तर रोज द्यावं लागतं. त्यांची भूमिका अशी की आम्हाला कमी माणसं हवीत, चांगली राहणारी हवीत, डोंगर आणि रस्ते सांभाळायचेत. भारतीयाला १२००, बाकी परदेशी माणसाला १०० डॉलर, म्हणजे आपल्याला सवलतच आहे, सहा वर्षांखालच्या मुलाला काही नाही, बारापर्यंत निम्मं. आपल्या बाजूच्या जयगावातनं सीमेवरच्या गेटच्या पलीकडे फुन्शोलिंगमध्ये पाऊल टाकलं की फरक दिसतो, अलीकडे हॉर्न, हातगाड्या, रिक्षा, गटार, पलीकडे गाडी झेब्रा क्रॉसिंगला आपोआप थांबते आणि आपली माणसंही, तीच माणसं, तिथे कचरा खिशात ठेवतात. हे टिकवायचं तर त्यांना संख्या रोखावी लागणार. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळ्याचं लाँग वीकेंडला काय होतं ते आपण बघतोच. त्यांनी आपल्याकडे बघून धडा घेतला तर त्यात आपला अपमान कुठे आहे?

शेवटी एक मागणं, आणि हे मनापासून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामातलं कोक्राझार ते भूतानमधलं गेलेफू आणि बंगालातलं बनारहाट ते भूतानमधलं सामत्से अशा दोन रेल्वेमार्गांची घोषणा झाली, मिळून ८९ किलोमीटर, चार हजार कोटींच्या वर खर्च, भूतानमध्ये पहिल्यांदा रेल्वे जाणार. आपल्याकडे बातमी काय आली, तर भारताची भूतानला भेट. गेलेफूला त्यांचे राजे नवीन शहर वसवतायत, त्याला रेल्वे हवीच आहे, पण याच देशाच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळबरोबरचा मोटार वाहन करार फेटाळला होता, का तर बाहेरच्या ट्रक-गाड्यांचा लोंढा आमच्या रस्त्यांना आणि हवेला झेपणार नाही. म्हणजे तिथे चर्चा होते, विरोध होतो, मतदान होतं. तुमचा एखादा बातमीदार गेलेफूला पाठवा, लांब नाही, गुवाहाटीला उतरून गाडीने दिवसाभरात जाता येतं, परमिटचं आणि गाईडचं मी बघतो, पैसे घेणार नाही. तिथल्या दुकानदाराला, शाळेतल्या मास्तरांना, सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारू दे की रेल्वे आली तर तुम्हाला काय हवंय आणि कशाची भीती वाटते, आणि ते जसं सांगतील तसं छापा.

आपला नियमित वाचक,
एक टूरवाला, दादर (पश्चिम), मुंबई